ओवाळून टाकलेल्यांची टोळी : नागपुरात घडणारी अद्भुत चोरीकथा कशी रचावी

अद्भुत चोरीकथा लिहायला घेणारी मंडळी बहुधा टोळीपासून सुरुवात करतात. एक कुलूपतोड्या, एक बहुरूपी, एक जादू येणारी मुलगी, एक अबोल मारेकरी. पात्रं झकास जमतात, त्यांची भांडणंही रंगतात आणि चाळिसाव्या पानावर गाडी रुतते. चोरायचं काय, ते कुठे आहे आणि आजवर कुणालाच का चोरता आलं नाही, हे ठरलेलंच नसतं. म्हणून क्रम उलटा ठेवा : आधी वस्तू, मग तिजोरी, मग पहारा आणि सगळ्यात शेवटी माणसं. पहाऱ्यात पाच फटी असतील तर टोळीत पाच जण लागतात. सहावा कितीही आवडला तरी त्याला पुढच्या कादंबरीसाठी राखून ठेवा.

पुढे शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे प्रत्येक पायरीचा परिणाम पुढच्या पायरीवर कसा होतो ते दिसेल.

पायरी १ : वस्तू आणि काळ

नागपूरच्या लेखकाला काळ शोधायला लांब जावं लागत नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, गादीला वारस नाही म्हणत कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल भावात विकले गेले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेलं. सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी एका वृद्ध राणीने दिल्याची नोंद आहे. सामान तरीही हललं. चोरीकथेला लागणारं सगळं इथे आयतं आहे : मोजदाद चालू आहे, पेट्या भरल्या जात आहेत, गाड्या जुंपायच्या आहेत. गाड्या निघाल्या की संधी गेली. अशी मुदत नसेल तर वाचक पहिला प्रश्न विचारतो, ‘यांना एवढी घाई कसली?’

आता वस्तू. सोन्याचा हंडा डोक्यावर घेऊन पळणारं पात्र लिहू नका. दहा लिटरच्या घागरीत मोहरा भरल्या तर मधल्या फटी धरूनही वजन शंभर किलोच्या वर जातं. चांदीचा जुना रुपया साधारण एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, दहा हजार रुपये म्हणजे एकशे सोळा किलो. एवढं ओझं घेऊन भिंत चढता येत नाही, बोळातून धावता येत नाही. वस्तू मुठीत मावणारी हवी आणि तिची किंमत वजनात नसावी. आपल्या उदाहरणात टोळी राजमुद्रा चोरते. मुद्रा हाती आली तर मागच्या तारखेचं दानपत्र करता येतं, दत्तकपत्र करता येतं, कुणाची जमीन कुणाच्याही नावावर चढवता येते. पाच जणांना ती पाच कारणांसाठी हवी आहे. टोळीतली भांडणं इथूनच निघतात, ती वेगळी रचावी लागत नाहीत.

काळ ठरला की कागदावर एक रेघ मारा आणि तेव्हा काय नव्हतं ते लिहून काढा. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली. अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, १८६३ चा, एम्प्रेस मिल १८७७ ची, झिरो माइलचा खांब विसाव्या शतकातला. काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मिरवून जाळायच्या पुतळ्यांची, मिरवणूकही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सुरू झाली. १८५४ च्या कथेत मारबतीच्या गर्दीतून कुणी पसार झालं तर नागपूरच्या महाल भागातला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. सीताबर्डीची टेकडी, तिथली १८१७ ची लढाई, जुम्मा दरवाजा, जुम्मा तलाव, नाग नदी मात्र बिनधास्त वापरा. दरवाजा आता गांधी गेट आणि तलाव गांधीसागर म्हणून ओळखला जातो.

मारबत हवीच असेल तर कथा चाळीस वर्षं पुढे न्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारी-महालच्या गर्दीत, जाळायला निघालेल्या बडग्याच्या (मारबतीसोबतच्या पुरुषी पुतळ्याच्या) पोटात ऐवज लपवणं ही कल्पना सुरेख आहे. फक्त आगीत काय टिकतं ते माहीत हवं. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, बांबू-कागदाच्या आगीत ते बहुतेक तगेल. मोती जळून जातील. कुंदनाच्या दागिन्यात खडे लाखेवर बसवलेले असतात आणि लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते, म्हणून राखेतून मोकळं सोनं आणि तडकलेले खडे हाती येतील. टोळीतल्या एकालाच हे ठाऊक असेल आणि त्याने ते मुद्दाम सांगितलं नसेल, तर दगाफटक्याची जागा तयार होते.

पायरी २ : तिजोरी

तिजोरीला तीन थर द्या : माणसांचा, वस्तूंचा आणि अद्भुताचा. तिन्ही एकमेकांत अडकलेले हवेत. एक थर सुटला की बाकीचे आपोआप कोसळत असतील तर रचना कच्ची आहे.

वस्तूंच्या थरासाठी नुसतं मोठं कुलूप पुरत नाही. त्या काळचं घड्याळ घ्या. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, आणि एक टोला. पहारा प्रहराने बदलतो. इथे बरेच जण प्रहर म्हणजे बरोबर तीन तास धरतात आणि फसतात. दिवसाचा प्रहर हा सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचा चौथा भाग असतो. वैशाखात नागपूरचा दिवस तेरा तासांच्या थोडा वर जातो, म्हणजे प्रहर सव्वातीन तासांचा, आठ घटकांहून किंचित जास्त. रात्रीचा प्रहर तेव्हा पावणेतीन तासांहूनही लहान असतो.

आता पात्रात पाणी भरणाऱ्या दासीने भोकाच्या कडेला मेणाचा कण दाबला, तर वाटी चोवीसऐवजी सत्तावीस मिनिटांनी बुडेल. आठ वेळा बुडाली की चोवीस मिनिटं साठतात, म्हणजे टोळीच्या हाती अख्खी एक घटका येते. वाड्याच्या जाड भिंतींच्या आत, सावली न दिसणाऱ्या खोलीत बसलेल्या पहारेकऱ्याला ते कळणार नाही. पण दुसऱ्या दारावर वेगळं पात्र असेल तर दोन टोल्यांमधलं अंतर दर घटकेला वाढत जाईल, आणि कान तिखट असलेला एक जण दचकेल. चोरी बिघडवायची जागा तुम्हाला पहाऱ्याच्या आतच सापडली, योगायोगाची गरज उरली नाही.

अद्भुताचा थर आपल्याकडच्या समजुतींतून घ्या, परक्या पुराणातला अजगर आणू नका. पुरलेल्या धनावर बसलेला राखणदार विदर्भातल्या प्रत्येक घरात ऐकलेला असतो. त्याला नियम मात्र तुम्ही द्यायचे, आणि ते कमी व कडक हवेत. आपल्या राखणदाराचे दोनच नियम. पहिला : जे न्याल ते तुम्हाला जेवढं मोलाचं, तेवढंच मोलाचं काही मागे ठेवा. दुसरा : गादीच्या मुद्रेचा हुकूम तो मोडत नाही. पहिल्या नियमामुळे ज्याच्याकडे जिव्हाळ्याचं काहीच उरलेलं नाही, अशा माणसाला तो कवडीही नेऊ देत नाही; म्हणजे निर्विकार मारेकरी इथे निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या नियमामुळे एक अवघड प्रश्न उभा राहतो : कंपनीचे लोक गाड्याच्या गाड्या भरून नेत आहेत, त्यांना राखणदार काहीच का करत नाही? चाणाक्ष वाचक हे पन्नासाव्या पानाच्या आत विचारणार. उत्तर एकच असू शकतं. घरातल्याच कुणीतरी मुद्रा उमटवून परवानगी दिली आहे. ते कोण, हे कादंबरीचं मुख्य रहस्य झालं, आणि ते नियमातून आपोआप आलं.

स्वतःच्या जादूची अशीच परीक्षा घ्या. ती काय करू शकत नाही? वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं? विरुद्ध बाजूने ती का वापरली नाही? आणि शेवटी जिच्यामुळे सुटका होते ती शक्ती वाचकाने आधी निदान दोनदा किरकोळ कामात पाहिली आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर शेवट बदलू नका, मागे जाऊन पेरणी करा.

एक सावधगिरी. गुप्तधनाच्या नादात आजही लहान मुलांचे आणि पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, पुरलेलं धन दिसतं असं मानल्या जाणाऱ्या) माणसांचे हाल झाल्याच्या बातम्या येतात. महाराष्ट्रात यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कथेत पायाळू पात्र घेतलं तर त्याच्याकडे धनाचं हत्यार म्हणून बघणारी माणसं आणि त्याची स्वतःची भीती, दोन्ही दाखवा. नरबळीचा विधी ‘यशस्वी’ झालेला दाखवू नका.

पायरी ३ : टोळी

फटी मोजा. मोजदादीच्या खोलीत शिरायला कागद हवा : मोडी लिहिणारा, नोकरी गेलेला कारकून. वेळ चोरायला हवी : पाणी भरणारी दासी. शंभर बंद पेट्यांतून नेमकी एक ओळखायला हवी : पायाळू तरुण. मुद्रेच्या जागी नकली मुद्रा ठेवायला हवी : वाळीत टाकलेला कोरीवकाम करणारा. आणि बाहेर पडल्यावर उजाडायच्या आत लांब जायला हवं : राज्य बुडाल्यावर बेकार झालेली, पुरुषवेशात वावरणारी सांडणीस्वार.

प्रत्येकाचं काम बारकाव्यासकट माहीत करून घ्या. उदाहरणार्थ, दस्तऐवज मोडीत लिहिले जायचे, पण राजमुद्रेवरचा मजकूर देवनागरीत असायचा आणि धातूत तो उलटा कोरावा लागतो. कोरणाऱ्याला वाचता येत नसेल तर तो ठशावरून आकार उतरवेल आणि झिजलेली वेलांटी झिजलेलीच कोरेल. वाचता येत असेल तर नकळत ती दुरुस्त करेल, आणि ती दुरुस्त वेलांटीच पुढे पकडून देईल. असा एक तपशील पात्राच्या दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त काम करतो.

प्रत्येकासाठी वहीचं एक पान ठेवा. त्यावर चार गोष्टी : हुन्नर, गरज, कुणाचं देणं आणि न ओलांडायची रेघ. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कारकून खोटे कागद करतो, पण विधवेच्या नावावरची जमीन हलवत नाही. कादंबरीच्या दोन-तृतीयांशावर त्याला नेमकं तेच करायची वेळ आणा.

नवे लेखक इथे फार हात राखतात. टोळी वाईट म्हणायची, पण तिने लुबाडलेले सगळे जुलमी सावकारच. मग पात्रं सज्जनच राहतात, नुसते काळे कपडे घातलेली. ज्याचं नुकसान झालं तो माणूस वाचकाला आधी भेटलेला हवा, त्याला नाव हवं, आणि नुकसान भरून येता कामा नये. मेणाच्या कणामुळे टोला चुकला, त्याची शिक्षा दासीला होत नाही, घटिकापात्राजवळ बसलेल्या म्हाताऱ्या नोकराला होते. तो तिला रोज गुळाचा खडा द्यायचा. दासीला हे आधीपासून कळत होतं. एवढं लिहायचं धैर्य असेल तरच हा प्रकार निवडा.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. ‘अमक्या जमातीचा, म्हणून जन्मतःच चोर’ असं पात्र कदापि लिहू नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर तो शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, तरी विदर्भातल्या कित्येक बेड्यांवर (म्हणजे वस्त्यांवर) आणि तांड्यांवर त्याची झळ अजून पोचते. टोळीतला माणूस बहिष्कृत का झाला याचं कारण त्याच्या आयुष्यातल्या घटनेत असू द्या, आडनावात नको.

पायरी ४ : पाहणी

टोळी करते तशी पाहणी लेखकानेही करायची. गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत चाला, पावलं मोजा, बोळांची रुंदी हातांनी मापा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, तो एरवी बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांना आत सोडतात. अजब बंगल्यात जाऊन जुनी हत्यारं बघा, काचेपलीकडून का होईना, मूठ केवढी आणि पातं केवढं याचा अंदाज येतो.

आणि एकदा तरी मे महिन्यात दुपारी दोन वाजता महालात उभे राहा. चोरी म्हटली की अमावास्येची रात्र डोळ्यांपुढे येते, पण नागपूरला ती दुपारी करावी. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दुकानांची दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा नालीत पोट टेकून पडलेली. रस्त्यावर जे चार जण दिसतात त्यांच्या तोंडावर डोळे सोडून सगळीकडे दुपट्टा गुंडाळलेला असतो. चेहरा झाकून फिरणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. रात्री गस्त असते, कंदील असतात, जागी म्हातारी माणसं असतात. तिसऱ्या प्रहरी सगळं शहर डोळे मिटून असतं. (पाहणीला जाताना पाणी आणि डोक्याला ओलं फडकं घ्या, आणि अर्ध्या तासाच्या वर उन्हात थांबू नका.)

उन्हाची किंमतही लिहा. तापलेल्या लोखंडी कडीला उघड्या हाताने धरता येत नाही. मेण! पात्राच्या भोकाला लावलेला कण वैशाखात मऊ पडून सुटणार का? पाण्यात बुडलेला असेल तर तगेल, वाटी बाहेर काढून उन्हात ठेवली तर नाही. दासीने ती सावलीत ठेवली पाहिजे. ही ओळ कादंबरीत यायलाच हवी.

पायरी ५ : बेत आणि बिघाड

या प्रकारातला जुना, खात्रीचा नियम : जो बेत वाचकाला आधी सविस्तर सांगितला तो फसला पाहिजे, जो पार पडणार आहे तो झाकून ठेवला पाहिजे. सांगितलेला बेत तसाच पार पडला तर वाचक तीच गोष्ट दोनदा वाचतो. झाकताना मात्र लबाडी नको. ज्या पात्राच्या मनात आपण बसलो आहोत त्याला बेत माहीत असेल आणि तरी वाचकापासून लपवला असेल, तर वाचक चिडतो, ते बरोबरच आहे. अशा वेळी प्रकरण दुसऱ्याच्या नजरेतून लिहा. मोजदादीच्या खोलीतला प्रसंग पायाळूच्या नजरेतून घ्या, कारण कारकुनाने त्याला अर्धाच बेत सांगितला आहे.

बेताचा एक तक्ता करा. उभ्या रकान्यात घटका, आडव्या रकान्यात पाच जण आणि दोन पहारेकरी. प्रत्येक घरात ‘कुठे आहे, हातात काय आहे, काय ठाऊक आहे’ एवढंच. निम्म्या चुका इथेच सापडतात : जिच्या हातात किल्ली होती ती दोन घटकांपूर्वीच बाहेर गेलेली असते.

तीन बिघाड पुरे. पहिला टोळीच्या चुकीमुळे, दुसरा पहारेकऱ्याच्या हुशारीमुळे, तिसरा आतल्या माणसामुळे. पाऊस, भूकंप, अचानक आलेला जुना मित्र यांच्यावर बिघाड सोपवू नका. दगा देणाऱ्याच्या तीन खुणा आधी पेरा, आणि तिन्ही खुणांचा त्या वेळी दुसरा सरळ अर्थ लागला पाहिजे.

पायरी ६ : लांबी आणि वाटणी

पहिल्या कादंबरीला ऐंशी हजार शब्द पुरतात, छापील तीनशेच्या आसपास पानं. वस्तू आणि मुदत कळून टोळी जमायला सुरुवात होईपर्यंत बारा हजार. टोळी, पाहणी, तालीम यांना पंचवीस. प्रत्यक्ष चोरीला पंचवीस. उरलेले अठरा हजार चोरीनंतरचे, आणि ते कापू नका. पुष्कळ हस्तलिखितं वाड्याबाहेर पडल्या पडल्या संपतात. खरी माणसं वाटणीच्या वेळी दिसतात : मुद्रा एक आहे, मालक पाच, आणि आत प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी ठेवलं आहे. राखणदाराच्या पहिल्या नियमाचा सगळ्यात कडू वापर इथे उघड होतो. एकाने स्वतःचं म्हणून दुसऱ्याचं जिव्हाळ्याचं ठेवलेलं असतं.

पायरी ७ : भाषा

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद नागपुरी वळणाचे. ‘काहून बे, किल्ली कुठी ठेवली?’ ‘मले काय विचारून राह्यला, तिले विचार न.’ एवढ्याने गाव उभं राहतं. प्रत्येक वाक्यात ‘बे’ आलं की ती नक्कल होते. कारकून हिशेबी, फारसी शब्द असलेलं बोलेल, दासी वाड्यात एक आणि घरी एक बोलेल. कोण कुणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘तुम्ही’, याची यादी करा. सांडणीस्वार कारकुनाला पहिल्यांदा ‘तू’ म्हणते तो प्रसंग ठरवून लिहा. सावजीचा रस्सा आणि तर्री-पोहे प्रत्येक पानावर वाढल्याने नागपूर येत नाही. शपथा आणि शिव्या मात्र त्या काळाच्या आणि त्या माणसाच्या हव्यात.

पायरी ८ : तपासणी

पहिला खर्डा झाला की तीन आठवडे बाजूला ठेवा. मग रंगीत पेन्सिली घेऊन फक्त नियम तपासा : राखणदार जिथे जिथे येतो तिथे निळी खूण, वेळेचा उल्लेख तिथे लाल, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे हिरवी. संवाद मोठ्याने वाचा, शक्यतो नागपूरच्याच कुणाकडून वाचून घ्या. जीभ अडखळते तिथे वाक्य पुण्या-मुंबईचं झालेलं असतं. युनिकोडमध्ये टंकलिखित करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलताना जोडाक्षरं तुटतात.

नंतर तीन वाचकांना द्या : एक महाल-इतवारीत वाढलेला, एक अद्भुत कथा भरपूर वाचणारा, एक दोन्ही नसलेला. ‘आवडली का’ असं विचारू नका. बेत कोणत्या पानावर कळला, दगाबाज कधी ओळखला, म्हाताऱ्या नोकराचं काय झालं हे आठवतं का, असं विचारा. तिघांनाही दगाबाज निम्म्याच्या आत कळला तर दुसरी खूण पुसट करा. कुणालाच शेवटपर्यंत कळला नाही तर पहिली ठळक करा. आणि म्हातारा तिघांपैकी एकालाही आठवला नाही, तर गुळाच्या खड्याचा प्रसंग वीस पानं आधी आणून पुन्हा लिहा.